वाहनगणना

बांधकाम खात्याचा तक्ता, क्लिपबोर्ड,
दोन बॉलपेन, त्यातला एक मुळातच कोरडा,
आणि प्लास्टिकची खुर्ची, जिचा लंगडा पाय
मी मोहाच्या मुळावर टेकवला.
सकाळी सहा ते सकाळी सहा. तीनशे रुपये रोज.
जाईल त्याची उभी रेघ,
पाचवं गेलं की आडवी.

मोटारसायकल. मोटारसायकल.
धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर, ट्रॉलीसह.
बैलबंडी.
एस.टी. एकच, तीही इथेच वळते,
पुढे डांबर संपतं आणि भिवसन नाला लागतो.
परत गेली तर पुन्हा रेघ मारा, साहेब म्हणाले होते,
तेवढाच आकडा वाढतो.

पायी चालणाऱ्यांना तक्त्यात रकाना नाही.

दुपारी इस्तारी नैताम येऊन बसला
सिमेंटच्या पायलीवर.
तीन वर्षांपूर्वी उतरवलेल्या सहा पायल्या,
आता त्यात बकऱ्या वितात.
चार वर्षं टांझानियात ग्रेडर चालवून आलेला माणूस.
पासपोर्ट अजून प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या खिशात,
जसं कुणी विचारेलच.

"तिकडं रस्त्याले काय म्हणते माहीत आहे का जी?
बाराबारा.
पयल्या दिवशी मुकादम वरडला, बाराबारा, बाराबारा,
मले वाटलं, म्हणते आहे बराबर.
मी म्हटलं, हो ना, बराबरच करून राहिलो!"
हसला. बिडी विझली होती, पुन्हा पेटवली.

"रस्ता झाल्यावर पयले काय आलं सांगू?
ट्रक नाही. एक बाई.
कडेला गोणपाट टाकलं, तीन टमाटे मांडले.
तीनच.
दुसऱ्या हप्त्यात टोपलं.
मी निघालो तवा तिच्या शेजारी सायकलवाला पंक्चर काढे,
अन् तिची पोट्टी गणवेशात."

तिथं आधी मोजणी झाली होती का, मी विचारलं.
"झाली असन. मी त ग्रेडर चालवो."
मग नाल्याकडे पाहत बराच वेळ गप्प.
"घर सारवलं नाही म्हणून पावना येत नाही,
पावना येत नाही म्हणून कोनी सारवत नाही.
तू लिही, तुह्या रेघा लिही."

पाच वाजता शाळेच्या पोरी आल्या,
चपला हातात, सलवारी गुडघ्याच्या वर,
एकीच्या डोक्यावर चौघींची दप्तरं.
पल्याड पोचून त्यांनी पाय झटकले
आणि पुन्हा मुली झाल्या.
रकाना नाही.

रात्री नऊनंतर तक्ता कोराच.
थंडी. दूर कुठे तरी नाटकाचा भोंगा,
खलनायकाचं हसणं वाऱ्यावर तुकड्यातुकड्यानं.
मी शाल पांघरून पेंगत होतो,
इस्तारी घरी गेला नव्हता. त्याला झोप येत नाही,
तिकडची वेळ अंगात राहिली, म्हणतो.

पहाटे साडेचारला नाटक सुटलं.
आधी बॅटऱ्या दिसल्या, मग माणसं,
पल्याडची गावंच्या गावं, चटया काखेत,
नायिकेचं गाणं चुकीच्या सुरात म्हणणारी पोरं,
एका म्हातारीला खुर्चीसारखं हातांवर घेतलेलं,
सगळे थांबत होते काठावर, चपला काढत होते,
पाणी पायाला लागताच एकेक शिवी,
आणि पुढे.

मी तक्ता उलटा केला.
मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारू लागलो,
उभ्या, आडव्या, अंधारात एकावर एक.
दोनशे बाराला गोंधळ झाला:
बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर.
"हे वेगळं मोजू का?"
इस्तारीनं बॅटरी त्याच्यावर धरली, लगेच खाली घेतली,
उठेल म्हणून.
"मोज," म्हणाला हळूच. "बराबर मोज."

दोनशे तेरा.

उजाडलं. दूधवाला आला,
कॅन खणखणत, आमच्याकडे न पाहता.
मी कागद सुलटा केला.
मोटारसायकल, एक.